कारणाचा रकाना

अप्पा,

उद्या सोमवार. उद्या दुपारपर्यंत मला एक फॉर्म भरून पाठवायचा आहे. वर हो किंवा नाही लिहायचं, आणि हो लिहिलं तर खालच्या रकान्यात कारण द्यायचं: तुम्हाला या कामात का यायचं आहे, दोनशे शब्दांत. सकाळपासून मी ते कारण तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा भाषा बरी जमली, पण वाचून पाहिलं की दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं. शेवटी लॅपटॉप मिटला आणि वही घेतली. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्हाला सांगायची घाई नाही, हे एक बरं आहे.

काम काय ते आधी सांगते. बेंगळुरूला एक संस्था आहे, तिथे एक यंत्र बनवतायत. पिठाच्या गिरणीसारखं एकच काम करणारं नाही. माणूस डोकं वापरून जे जे करतो, पत्र लिहिणं, रोग ओळखणं, शिकवणं, कायदा बघणं, नवीन काही शोधून काढणं, ते सगळं माणसाइतकं किंवा माणसापेक्षा चांगलं करणारं. अजून पूर्ण झालेलं नाही. कुणी म्हणतं थोड्याच वर्षांत होईल, कुणी म्हणतं कधीच होणार नाही. जे बनवतायत त्यांच्यातल्याच काहींना भीती वाटते, की झालं तर ते आपल्या हातात राहणार नाही. भीती वाटते, तरी सकाळी डबा घेऊन कामाला जातात. मला त्यांनी बोलावलं आहे. मी इथे नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते त्याला वीस वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी वर्षं आपल्याकडची बोली यंत्राला समजावी यात गेली. यंत्राला पुण्याची मराठी समजायची, माझ्या आईची, आपल्या अव्वाची, समजायची नाही. माझं ते काम फारसं कुणी वाचलं नाही. यांनी वाचलं.

मी थकले आहे, हेही सांगून टाकते. शिकवण्यानं नाही, त्याच्या आजूबाजूच्या कागदांनी. पण थकवा हे काही दोनशे शब्दांत लिहायचं कारण नव्हे. आणि नाही म्हणायला माझ्याकडे चांगलं कारण आहे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं लोहा, कंधार, इस्लापूर या बाजूची असतात. शिकून हैदराबादला नाहीतर पुण्याला जातात आणि फोनवर उत्तरं द्यायच्या, बिलं तपासायच्या, माहिती भरायच्या कामाला लागतात. घरातली पहिली पगाराची नोकरी असते ती. हे यंत्र सगळ्यात आधी तीच कामं घेणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या पेढ्यांचे बॉक्स माझ्या टेबलावर येतात आणि मी अभिनंदन म्हणते.

तुमचं काम काय आहे हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चौथीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला निलंग्याच्या गाडीत बसवून सोबत नेलं. खांद्याला खाकी पिशवी, त्यात लोखंडी टेप, खडूचा डबा आणि नोंदवही. एका फाट्यावर उतरून आपण बांधाबांधानं एका विहिरीपाशी जातो. तुम्ही टेपेच्या शेवटच्या काही फुटांना खडू फासायला मला सांगता. टेप विहिरीत सोडता, वर ओढता, आणि जिथपर्यंत खडू भिजून काळा झाला तिथला आकडा वाचता. वर्षातून चार वेळा, त्याच विहिरी, तोच काठाचा दगड. मालक धोतर खोचून शेजारी येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "काय मोजलालाव साहेब? मोजून पाणी वाढतंय काय?" तुम्ही म्हणता, "वाढत न्हाई. पण गेलं किती ते कळतंय." तो म्हणतो, "ते तर आमाला बी कळतंय की, घागर उचलल्यावर." सगळे हसतात. तुम्हीही हसता. पण परतीच्या गाडीत वही उघडून तुम्ही मला मागच्या वर्षीचा आकडा दाखवला, त्याच्या मागच्या वर्षीचा दाखवला, आणि म्हणालात, बघ, दरवर्षी हे एवढं. बोटांनी अंतर दाखवलं. मला वाटलं होतं भूजल खात्यात तुम्ही पाणी शोधता. तुम्ही पाणी जाताना बघत होता.

लातूरच्या आपल्या गल्लीत बोअर सुरू झाले ते मी आठवी-नववीत असताना. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. ज्याला शक्य होतं तो बोअरची गाडी बोलवायचा. पहिल्यांदा दोनशे फुटांवर लागलं. पुढच्याला तीनशेवर. मग दोनशेवाल्याचं आटलं, म्हणून तो साडेतीनशेपर्यंत गेला. तुम्ही प्रत्येकाच्या दारात जाऊन समजावायचात. एकाच भांड्यात सगळ्यांनी नळ्या घातल्यात, ज्याची नळी लांब त्याला मिळणार आणि भांडं मात्र लवकर रिकामं होणार. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या आठवड्यात गाडी बोलवायचे. शेजारचे डाळवाले काका तुमचे खास मित्र, पण तेही चारचौघांत म्हणायचे, "साहेब, तुमी मोजत बसा, आमी पितो." तुम्ही चिडायचा नाहीत. मी चिडायचे. शाळेत निबंध आला तेव्हा मी पाण्यावर लिहिला, आणि त्यात लिहिलं की आमच्या गल्लीत परवडत असून बोअर न घेतलेलं एकच घर आहे आणि ते माझ्या वडिलांचं आहे. मास्तरांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

मी अकरावीत असताना तुम्ही बोअर घेतलात.

घरात सांगितलं गेलं ते असं, की अव्वाची कंबर धरली आहे, कोपऱ्यावरच्या हापशावरून घागरी आणणं तिला झेपत नाही. ते सगळ्यांना पटलं. मलाही पटायला हरकत नव्हती. पण आठवडाभर आधीपासून मी तुमचं काहीतरी वेगळंच चाललेलं बघत होते. तुम्ही खात्यातले नकाशे घरी आणले. अंगणात दोऱ्या टाकून मापं घेतली. आणि मग, जे मला आजही खरं वाटत नाही, नारळ हातावर ठेवून पाणी दाखवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला तुम्ही घरी बोलावलंत. त्याची टिंगल तुम्ही आयुष्यभर केली होती. तो अनवाणी अंगणभर फिरला, आणि त्याच्या तळहातावरचा नारळ मोगऱ्याच्या आळ्याजवळ उभा राहिला. तुमची खूण तिथून चार हात लांब होती. तुम्ही दोन्ही खुणांच्या मध्ये बराच वेळ उभे राहिलात. म्हातारा बिडी काढत म्हणाला, "साहेब, तुमची खूण तुमाला लखलाभ. पन पानी हितं हाय." तुम्ही त्याची जागा धरलीत.

सकाळी गाडी आली. त्यावरची पोरं तमिळ होती, त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि मशीन सुरू झालं. दोनशे फुटांपर्यंत नुसती करडी भुकटी. कपडे, झाडं, डाळवाल्या काकांची स्कूटर, सगळ्यांवर भुकटी. तीनशेला लाल मातीचा थर लागला, थोडी ओल आली आणि गेली. चारशे. लोक कंटाळून जेवायला गेले. पाचशेला अण्णानं मशीन बारीक केलं आणि विचारलं, "सार, बस?" तुम्ही बोटांनी दाखवलंत, अजून एक रॉड. तो रॉड खाली गेला. पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा एक दाखवलंत. तुमच्या चेहऱ्याकडे मी बघत होते, तुम्हाला त्या क्षणी अव्वाची कंबर आठवत नव्हती, गल्ली आठवत नव्हती, वही आठवत नव्हती. पाचशे चाळीसला आवाज बदलला. आधी चिखल उडाला आणि मग पाणी. घराच्या गच्चीपर्यंत पाणी. तुम्ही बाजूला झाला नाहीत. ऑफिसला जायचा पांढरा सदरा घालून तुम्ही त्या पाण्याखाली उभे राहिलात आणि हसायला लागलात. मोठ्यानं, डोकं मागे टाकून. तुम्हाला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा हापसा कोरडा वाजायला लागला. त्याच्या शेजारच्या खोलीत मावशी राहायच्या, लोकांची धुणी धुवायच्या त्या. हापसा हेच त्यांचं दुकान होतं म्हणा ना. त्या आपल्या दारात आल्या. आत बोलावलं तरी आल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, एक इचारू का? तुमच्या वहीत माझा हापसा किती फुटाला होता?" तुम्हाला उत्तर तोंडपाठ होतं. "एकशे साठ," तुम्ही म्हणालात. त्या म्हणाल्या, "मंजे तुमाला ठाव होतं." एवढंच बोलल्या आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला लबाड म्हणाले. डाळवाले काका ओट्यावर बसले होते, त्यांच्यासमोर. काका म्हणाले, "अगं बापाला असं बोलतेत का?" तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत. मला वाटलं आता कानाखाली बसेल. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाळ, आपण न्हाई घेतला म्हणून कोण थांबणार हाय का? उद्या दुसऱ्यानं घेतलाच असता. त्यापरीस आपल्या हातात असला तर मोजून तरी वापरू." मी म्हणाले, "हेच तर सगळे म्हणतात." तुम्ही म्हणालात, "सगळ्यांकडं टेप न्हाई."

आणि तुम्ही मोजून वापरलंत, हे मला मान्य करायला हवं. पहिल्या उन्हाळ्यात सकाळी वीस मिनिटं मोटार. दाराबाहेर एक नळ काढलात, गल्लीसाठी, आणि मावशींना पहिला नंबर. दर रविवारी आंघोळीच्या आधी बोअरमध्ये टेप सोडून पातळी बघायचात. दुसऱ्या वर्षी गच्चीवर टाकी बसली, कारण सकाळी सगळ्यांनी एकदम भरण्यापेक्षा ते सोयीचं होतं. टाकी आली म्हणून न्हाणीत नळ आला. दादानं मोटारसायकल घेतली, ती धुवायला लागली. अव्वानं कढीपत्ता लावला. आत्याच्या मुलीचं लग्न आपल्याकडे निघालं, मांडवात चारशे माणूस, तेव्हा बाहेरून टँकर कशाला, आपलंच आहे की असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी ठरवलं नाही. कुणीही हपापल्यासारखं वागलं नाही, अप्पा. रविवारची टेप महिन्याने झाली, मग सणासुदीला. चौथ्या उन्हाळ्यात मोटारीला आधी गढूळ पाणी आलं आणि नंतर नुसती हवा.  बोअरच्या तोंडावरचं झाकण तुम्ही स्वतःच्या हातानं बसवलंत. मावशी त्याआधीच औशाला बहिणीकडे निघून गेल्या होत्या.

मी तुम्हाला लबाड म्हणाले त्या संध्याकाळपासून तुम्ही असेपर्यंत आपलं बोलणं कामापुरतं राहिलं. गाडी किती वाजता आहे, अव्वाच्या गोळ्या आणल्या का, एवढंच. मला वाटायचं की मी तुम्हाला बोअरसाठी माफ करत नाही. खरं तर बोअर मी केव्हाच माफ केला होता. ते हसणं मला माफ करता येत नव्हतं. बावीस वर्षं विहिरी मोजणारा माणूस, ज्याला प्रत्येक फुटाचा अर्थ माहीत होता, तो त्या पाण्याखाली इतका आनंदात कसा होता? नाइलाजानं घेतला असतात, तोंड पाडून घेतला असतात, तर मी तुमच्या बाजूनं गल्लीशी भांडले असते.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून पुरलं. खड्डा घेणाऱ्यांना दादानं विचारलं, अजून किती. त्यातला एक म्हणाला, "झालंच मालक, माती लई कोरडी हाय, भुसभुशीत, जमतंय लवकर." मला एकदम वाटलं, तुम्ही असतात तर किती फुटांवर ओल आहे ते बघितलं असतंत. मग स्वामींनी मंत्र सुरू केले आणि मी मागे झाले.

मागच्या महिन्यात मी दोन दिवसांसाठी बेंगळुरूला जाऊन आले. मला कुठल्या कामावर घेणार ते तिथल्या प्रमुख बाईंनी सांगितलं. त्या माझ्यापेक्षा लहान आहेत, बोलायला साध्या. म्हणाल्या, तुम्ही बनवायचं नाही, तुम्ही तपासायचं. यंत्राला किती येतं, कुठे चुकतं, कुठे खोटं बोलतं, धोका कुठे सुरू होतो, हे दर काही दिवसांनी मोजायचं. मी विचारलं, धोक्याचा आकडा आला तर थांबवता का? त्या म्हणाल्या, "थांबवायला हवं, असं लिहिलेलं आहे." मग म्हणाल्या, "आपण थांबलो तर दुसरे थांबणार नाहीत, हेही आहे." मी मान हलवली. मला आवाज ओळखीचा वाटला.

जेवायला सगळे एका लांब टेबलावर बसतात. मी जो भेटेल त्याला विचारत होते, तुम्ही इथे का आलात. कुणालाच प्रश्नाचं नवल वाटलं नाही, सगळ्यांची उत्तरं तयार होती. एका मुलीची आई आजाराचं नाव कळायच्या आधी गेली, म्हणून तिला रोग शोधणारं यंत्र हवं आहे. एकजण म्हणाला, बाहेर राहून ओरडण्यापेक्षा आत राहून आवरलेलं बरं. एकानं सरळ पगार सांगितला, मला तो त्यातल्या त्यात बरा वाटला. मी कुणालाही खोटं ठरवत नाही. त्या मुलीचे डोळे खरोखर भरले होते. पण ही सगळी कारणं मला आपल्या घरातल्या कमरेच्या दुखण्यासारखी वाटली. असतं ते. खरंच दुखत असतं.

शेवटी एक मुलगा मुद्दाम माझ्यासमोर ताट घेऊन येऊन बसला. "मॅडम, तुम्ही नांदेडच्या ना? मी लोह्याचा." मला फार बरं वाटलं. त्याला विचारलं, घरी काय सांगतोस, काय करतोस म्हणून? तो म्हणाला, "कंप्युटरचं हाय म्हणतो. बाप म्हणतो, काय करलालास रे तू, दोन वर्षं झाली, एक वस्तू दाखव. आई म्हणती, त्यापेक्षा बसस्टँडपाशी मोबाईलचं दुकान टाक, डोळ्यासमोर तरी राहशील." आम्ही दोघं हसलो. मग मी विचारलं, खरं सांग, का आलास? त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज कमी केला. "मॅडम, ते रोग, गरिबी, ते सगळं बरोबरच हाय, मी पण फॉर्ममध्ये तेच लिहिलं. पण मला पीएचडीत एक गणित सुटत नव्हतं. दीड वर्ष. इथं आल्यावर एक दिवस ते ह्याला घातलं, गंमत म्हणून. त्यानं सोडवलं. मी अख्खी सकाळ तपासलं, चूक सापडंना. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, न्हाई का? माझं दीड वर्ष गेलं. तर मला नाचावंसं वाटलालं. घरी फोन लावला. आई म्हणली, जेवलास का?" त्यानं भाताचा घास घेतला. "तेव्हापासून मला दुसरीकडं कुठं जाववत न्हाई. हे चांगलं हाय का वाईट, ते मला तुम्ही विचारू नका."

दुपारी त्यांनी मला यंत्रासमोर बसवलं. मी अव्वाच्या बोलण्यात, अव्वासारखी तुटक, एक हकिगत सांगितली. थोरल्या जावेला लग्नाचं बोलावणं फोनवर गेलं, धाकटीकडे घरी जाऊन दिलं. थोरली लग्नाला आली, जेवली, आहेर घेतला, जाताना म्हणाली, लई चांगलं झालं बाई, आमाला काय, आमी घरचीच. मी विचारलं, कुणाला काय वाटलं? आठ वर्षं मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी नुसते यातले शब्द यंत्राला ओळखता यावेत म्हणून घालवली होती. ते म्हणालं की थोरली जाऊ दुखावली आहे, ती कुणाला बोलून दाखवणार नाही, आणि आता तिच्या घरी जाऊन नुसता चहा घेतला तरी पुरेल. अप्पा, मला हसू आलं. मी तोंडावर हात ठेवला तरी थांबेना. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. प्रमुख बाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हणाले, काही नाही. माझ्या मनात एकही विद्यार्थी नव्हता तेव्हा. लोह्याचा नाही, इस्लापूरचा नाही. कुणीही नव्हतं.

परवा लातूरला गेले होते. अव्वा मेथी निवडत होती. तिला मी बेंगळुरूचं सांगितलं. "आता या वयात? पोरगी बाहेरगावी शिकलाली, नवरा हितं, तू तिकडं. वरण-भात कोण लावणार त्याला?" मी म्हणाले, तो लावतो. "मग ठीक हाय," ती म्हणाली आणि निवडत राहिली. मी सहज विचारलं, तुझ्या कमरेसाठी अप्पांनी बोअर घेतला, ती कंबर पुढे बरी झाली का गं? तिनं जुडी खाली ठेवली. "माझ्या कमरेसाठी? मी कवा म्हणलं होतं? उलट मी म्हणले, नगं, चार बायका भेटतेत हापशावर, तेवढंच बोलणं होतं. त्यांनाच बघायचं होतं." मी विचारलं, काय? "पाणी. आयुष्यभर दुसऱ्याच्या विहिरीत वाकून बघितलं. आपल्या हातानं वर येताना बघायचं होतं. मला म्हणले, तुझी कंबर म्हणून सांगतो लोकांना. मी म्हणले, सांगा." इतकी वर्षं तिनं ते सांभाळलं, आणि मेथी निवडता निवडता सांगून टाकलं. वर म्हणाली, "तू बी तसंच तोंड केलीस आता, त्या मशीनचं सांगताना."

मी हो लिहिणार आहे. हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल. आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिणार तेही कळलं असेल. हे काम कुणीतरी करणारच आहे. मोजणारी माणसं आत असलेली बरी. आमच्या भागातल्या साध्या माणसांची भाषा आणि त्यांचं नुकसान, दोन्ही कुणीतरी नीट बघायला हवं. दोनशे शब्द सहज होतील. ते वाचून त्यांना समाधान वाटेल. त्यातलं खोटं एकही नाही. मी सगळं मन लावून मोजेन, आणि त्याचा किती उपयोग होईल ते मी आपल्या घरात पाहिलेलं आहे. माझ्या पोरांपैकी कुणी एक दिवस दारात येऊन विचारेल, मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना? तेव्हा मला आकडा सांगावा लागेल. मी तरीही जाते आहे, कारण ते वर येताना मला बघायचं आहे. हे त्या रकान्यात लिहिता येत नाही. नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. तुम्ही गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचे, शेवटी दवाखान्यात आमचं पोटभर बोलणं झालं. अव्वालाही तेच सांगितलं, तिला आजही तसंच वाटतं. तसं काही झालं नव्हतं. मी तुमच्या कॉटशेजारी खुर्चीत पेपर तपासत बसले होते. दुपार होती. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत होता, मग म्हणालात, "तू ते मशीनला बोलायला शिकवतीस म्हणे. ते नेमकं कसं करतेत, सांग की एकदा. मला लई दिवसाचं इचारायचं हाय." तुमचे डोळे अगदी ताजे होते. मी मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते."

कळलं असतं, अप्पा. हे मला तेव्हाही माहीत होतं.